सहा क्रेडिट घेऊन कर्जाचा हप्ता थांबवायचा: हे खरंच परवडतं का?

पाणवठा
अमेरिकेत फेडरल शैक्षणिक कर्ज घेतलेल्या मुलामुलींमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो. पदवी हातात पडली की जवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन विषयांना नाव घालायचं, म्हणजे हप्ता सुरूच होत नाही. नोकरी लागेपर्यंत, किंवा पगार जरा बरा होईपर्यंत, असंच नाव चालू ठेवायचं.

चर्चेसाठी एक उदाहरण घेऊ. आईवडिलांवर अवलंबून असलेला विद्यार्थी, मे महिन्यात चार वर्षांची पदवी पूर्ण, आणि दरवर्षी मिळेल तेवढं पूर्ण कर्ज घेतलेलं: ५,५००, ६,५००, ७,५०० आणि ७,५००, एकूण २७,००० डॉलर. हे नियमात बसतं का, थांबलेल्या काळात व्याजाचं काय होतं आणि नेमकं कुठे फसायला होतं, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं. आकड्यांसकट लिहिलं तर फार बरं होईल. 'घेऊ नका' किंवा 'बिनधास्त घ्या' एवढ्यावर कुणाला निर्णय घेता येत नाही.

हिशोबनीस
नियमात बसतं. यात पळवाट काहीच नाही, कायद्यातच तशी सोय आहे. पात्र कॉलेजात किमान 'हाफ-टाइम' नाव असेल, तर फेडरल डायरेक्ट कर्जाचा हप्ता थांबतो. याला इन-स्कूल डिफरमेंट म्हणतात. पदवीपूर्व पातळीवर हाफ-टाइम म्हणजे बहुतेक ठिकाणी एका सत्राला ६ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विषयाच्या भाराचं माप; ६ म्हणजे साधारण दोन विषय). पदव्युत्तर पातळीवर तो आकडा विद्यापीठ स्वतः ठरवतं, त्यामुळे तिथे '६ लागतात' असं गृहीत धरू नका, रजिस्ट्रारला विचारा.

तीन गोष्टी तपासायच्या. पहिली, कॉलेज फेडरल मदतीच्या योजनेत सहभागी असलं पाहिजे. फक्त ऑनलाइन प्रमाणपत्रं विकणाऱ्या संस्था यात येत नाहीत. दुसरी, क्रेडिट खरी हवीत. ऑडिट केलेला (नुसतं वर्गात बसून ऐकलेला) विषय किंवा बिनक्रेडिटचा छंदवर्ग मोजला जात नाही. तिसरी, कर्ज डिफॉल्टमध्ये गेलेलं नसावं. २७० दिवस हप्ता भरला नाही की फेडरल कर्ज डिफॉल्टमध्ये जातं, आणि मग कॉलेजात कितीही क्रेडिट घेतली तरी डिफरमेंट मिळत नाही. आधी रिहॅबिलिटेशन (१० महिन्यांत ठरलेले ९ हप्ते) किंवा कन्सॉलिडेशन (जुन्या कर्जांचं मिळून एक नवं कर्ज) करून कर्ज बाहेर काढावं लागतं.

आणखी एक गैरसमज दूर करतो. डिफरमेंटसाठी नवीन कर्ज किंवा ग्रँट घ्यायची गरज नसते. फी खिशातून भरली तरी चालतं. तसंच गुण कमी पडल्यामुळे ज्याची आर्थिक मदत बंद झाली आहे, त्याचाही हप्ता थांबतो, नाव हाफ-टाइम असलं की झालं. मदतीचे निकष वेगळे, डिफरमेंटचे वेगळे.

सांजवारा
हप्ता थांबतो म्हणजे व्याज थांबतं असं नाही. सब्सिडाइज्ड कर्जावरचं व्याज त्या काळात सरकार भरतं. अनसब्सिडाइज्ड कर्जावरचं व्याज पैसे हातात आल्या दिवसापासून चढत असतं आणि डिफरमेंटमध्येही चढतच राहतं. पुढची सगळी चर्चा या एका फरकावर उभी आहे.

ताळेबंद
सांजवारा यांच्या मुद्द्याला आकडे जोडतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून ३०,००० डॉलर, सगळं अनसब्सिडाइज्ड, दर सरसकट ६.३९ टक्के धरू (२०२५-२६ मधला पदवीपूर्व दर).

वर्षाचं व्याज १,९१७ डॉलर, म्हणजे रोजचे सव्वापाच डॉलर. दोन वर्षांत ३,८३४. डिफरमेंट संपलं की हे व्याज मुद्दलात मिळवलं जातं, मुद्दल ३३,८३४ होतं. दहा वर्षांच्या नेहमीच्या मुदतीत हप्ता ३३९ ऐवजी ३८२ डॉलर. १२० महिन्यांत साधारण ५,२०० डॉलर जादा.

आता फी. क्रेडिटमागे १५० डॉलर धरले तर सत्राला ९००, चार सत्रांचे ३,६००. दोन्ही मिळून ८,८००. आणि दोन वर्षांत थांबवलेले हप्ते किती? २४ गुणिले ३३९, म्हणजे ८,१३६. थोडक्यात, जेवढे हप्ते पुढे ढकलले त्याहून ढकलण्याचा खर्च जास्त, आणि ते हप्ते माफ झालेले नाहीत, पुढे भरायचेच आहेत. विषय शिकायचेच नसतील तर हा व्यवहार तोट्याचा आहे.

रानजाई
ताळेबंद, गणित बरोबर आहे, पण ते धाग्यातल्या विद्यार्थ्याचं नाही. पाणवठा यांनी दिलेल्या २७,००० मध्ये, आर्थिक गरज सिद्ध झाली असेल तर, १९,००० पर्यंत सब्सिडाइज्ड असतं: ३,५००, ४,५००, ५,५००, ५,५००. उरलेले दरवर्षीचे २,०००, म्हणजे एकूण ८,००० अनसब्सिडाइज्ड.

फेडरल कर्जाचा दर त्या त्या वर्षापुरता ठरतो आणि त्या कर्जाला कायम राहतो. २०२२-२३ ला ४.९९, २०२३-२४ ला ५.५०, २०२४-२५ ला ६.५३, २०२५-२६ ला ६.३९ टक्के. या चार दरांनी २७,००० वर वर्षाला साधारण १,६०० डॉलर व्याज होतं. त्यातलं सुमारे १,१३३ सब्सिडाइज्ड भागावरचं, ते सरकार भरणार. विद्यार्थ्याच्या अंगावर येतात सुमारे ४६८ डॉलर, रोजचे १ डॉलर २८ सेंट.

म्हणजे दोन वर्षांचं व्याज ९३६, तुमच्या ३,८३४ च्या पाव हिश्श्याच्या आसपास. एकच नियम दोन माणसांना इतका वेगळा लागतो. म्हणून पहिलं काम म्हणजे स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर लॉगिन करून प्रत्येक कर्जाचा प्रकार, दर आणि साठलेलं व्याज कागदावर उतरवून घेणं. एकूण रक्कम पाहून निर्णय घेऊ नये.

ताळेबंद
मान्य. पदवीपूर्व मिश्र कर्जाला तुमचा हिशेब लागू पडतो. तरी फीचे ३,६०० राहतातच. सरकारने भरलेलं दोन वर्षांचं व्याज सुमारे २,२६५ डॉलर. त्यासाठी ३,६०० फी आणि वर ९३६ व्याज मोजायचं, हे फक्त ढकलण्यासाठी असेल तर अजूनही जुळत नाही.

मास्टर्सवाल्यांनी मात्र माझाच आकडा धरावा, किंबहुना त्याहून वाईट. १ जुलै २०१२ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना नवीन सब्सिडाइज्ड कर्ज मिळतच नाही, आणि त्यांचा दरही जास्त: २०२४-२५ ला ८.०८, २०२५-२६ ला ७.९४ टक्के. ४०,००० वर ७.९४ ने वर्षाला ३,१७६ डॉलर चढतात. मात्र पदवीच्या वेळचं जुनं सब्सिडाइज्ड कर्ज असेल, तर मास्टर्स करतानाही त्यावरचं व्याज सरकारच भरतं.

उंबरठा
ग्रेस पीरियडबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि चूक तिथेच जास्त होते.

कॉलेज सुटल्यावर किंवा हाफ-टाइमच्या खाली गेल्यावर डायरेक्ट कर्जाला ६ महिने ग्रेस मिळतो. प्रत्येक कर्जाला हा एकदाच. पण सहा महिने पूर्ण व्हायच्या आत पुन्हा हाफ-टाइम नाव लागलं, तर ग्रेस खर्ची पडत नाही. नंतर सुटल्यावर पुन्हा पूर्ण ६ महिने मिळतात.

आता मूळ उदाहरण पाहा. मेमध्ये पदवी, ग्रेस नोव्हेंबरपर्यंत. ऑगस्टअखेरच्या फॉल सत्राला नाव घातलं तर ग्रेस शाबूत. 'थोडी विश्रांती घेऊ, जानेवारीत बघू' म्हटलं तर ग्रेस संपला, कर्ज परतफेडीत गेलं, आणि जानेवारीत मिळालेलं डिफरमेंट संपल्यावर श्वास घ्यायला सहा महिने नाहीत. सत्र सुटल्यावर थेट बिल.

दुसरा परिणाम व्याजावर. १ जुलै २०२३ पासून शिक्षण खात्याने व्याज मुद्दलात मिळवण्याचे बरेच प्रसंग बंद केले. पहिल्यांदा परतफेड सुरू होताना आता साठलेलं व्याज मुद्दलात जात नाही, ते बाजूला राहतं आणि हप्त्यातून आधी फिटतं. पण परतफेडीत गेलेल्या अनसब्सिडाइज्ड कर्जाला डिफरमेंट मिळालं, तर ते संपताना व्याज मुद्दलात जातंच, कारण तो नियम खात्याचा नाही, कायद्याचा आहे. म्हणजे ऑगस्टमध्ये नाव घालणारा आणि जानेवारीत नाव घालणारा, दोघांचे सारखेच महिने थांबले तरी जानेवारीवाल्याला व्याजावर व्याज बसतं.

कन्सॉलिडेशन केलेल्यांनी लक्षात ठेवावं: ते करताक्षणी साठलेलं व्याज मुद्दलात जातं आणि उरलेला ग्रेसही संपतो.

रानजाई
उंबरठा, हा ऑगस्ट-जानेवारीचा मुद्दा फार मोलाचा. ताळेबंद यांच्या गणितातलं 'मुद्दल ३३,८३४' हे मग जानेवारीवाल्याचं. ऑगस्टवाल्याचे ३,८३४ व्याज म्हणून वेगळे दिसतील.

दीपमाळ
आता प्रत्यक्ष काय करायचं ते लिहिते, कारण नियम माहीत असूनही कागदोपत्री घोळ होतात.

नाव घातल्यावर बहुतेक वेळा आपल्याला काहीच करावं लागत नाही. कॉलेज आपली नावनोंदणी नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउसमार्फत सरकारी नोंदवहीत कळवतं, तिथून ती सर्व्हिसरकडे, म्हणजे सरकारतर्फे कर्जाचे हप्ते सांभाळणाऱ्या कंपनीकडे जाते (नेलनेट, मोहेला, एडव्हान्टेज, एडफायनान्शियल यांपैकी जो असेल तो), आणि डिफरमेंट आपोआप लागतं. पण ही नोंद रोजच्या रोज जात नाही. कॉलेजांवर किमान दर ६० दिवसांनी कळवण्याचं बंधन आहे. सत्र ऑगस्टअखेर सुरू झालं आणि नोंद ऑक्टोबरात पोहोचली, तर मधल्या काळातलं बिल येतं. ते बिल दुर्लक्षित करायचं नाही.

असं बिल आलं की इन-स्कूल डिफरमेंट रिक्वेस्टचा अर्ज भरायचा. तो सर्व्हिसरच्या साइटवर असतो. वरचा भाग आपण भरायचा, खालचा भाग रजिस्ट्रार कार्यालय भरून सही करतं: सत्राची सुरुवात, शेवट, नाव हाफ-टाइम की फुल-टाइम. खालचा भाग कोरा ठेवून अर्ज पाठवला तर तो परत येतो. विद्यार्थी पोर्टलवरून क्लिअरिंगहाउसचं नावनोंदणी प्रमाणपत्र निघतं, ते जोडून ठेवावं. मंजुरीचं पत्र येईपर्यंत हप्ता भरत राहायचं, किंवा तेवढ्यापुरती फोर्बेअरन्स (हप्त्याला तात्पुरती स्थगिती) मागायची. मंजुरी सत्राच्या पहिल्या दिवसापासून लागू होते, पण त्याआधीची थकबाकी आपोआप पुसली जात नाही.

मंजुरीपत्रात दोन गोष्टी वाचा. डिफरमेंट संपण्याची तारीख, आणि यादीत सगळी कर्जं आहेत का. दोन सर्व्हिसर असतील तर एकाकडे लागलं म्हणून दुसऱ्याकडे लागलंच असं समजू नका.

ऑटो-पे असेल तर त्यावरची पाव टक्क्याची सूट या काळात मिळत नाही, आणि डिफरमेंट संपल्यावर ऑटो-पे परत सुरू झालं आहे का हे स्वतः तपासावं लागतं. ते गृहीत धरल्यामुळे पहिलाच हप्ता चुकतो.

हिशोबनीस
दीपमाळ यांनी उत्तम लिहिलंय. त्यात भर एकच: बरोबर ६ क्रेडिट घेणं हीच मोठी जोखीम आहे. तीन-तीन क्रेडिटचे दोन विषय घेतले आणि विद्यार्थी पुरेसे नाहीत म्हणून कॉलेजने एक वर्ग रद्द केला, की राहिली ३. त्या दिवसापासून तुम्ही हाफ-टाइमच्या खाली. मध्येच विषय सोडला तरी तेच. म्हणून ७ किंवा ८ क्रेडिट घ्यावीत, किंवा विषय बदलण्याची शेवटची तारीख गाठण्याआधी पर्यायी विषय हेरून ठेवावा.

आठ-आठ आठवड्यांचे अर्धसत्री विषय घेणाऱ्यांनी विशेष जपावं. पहिल्या भागात ३ आणि दुसऱ्या भागात ३ अशी बेरीज ६ दाखवली जाते, पण दुसरा विषय सुरू होण्याआधी सोडला तर नोंद बदलते.

अंकुर
दुसरी बाजू. फी मालक भरत असेल तर? अमेरिकन करकायद्याच्या कलम १२७ खाली मालकाने वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणाचा खर्च दिला तर त्यावर कर्मचाऱ्याला आयकर नाही. सत्राला ९०० ची फी त्यात सहज बसते. मग ताळेबंद यांच्या हिशेबातले ३,६०० शून्य होतात आणि १९,००० सब्सिडाइज्डवाल्याला हे चक्क फायद्याचं ठरतं.

फी स्वतः भरली तरी लाइफटाइम लर्निंग क्रेडिट ही करसवलत आहे: फीच्या २० टक्के, १०,००० च्या खर्चापर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त २,००० डॉलर. वर्षाला १,८०० फी असेल तर ३६० परत, अर्थात तेवढा कर देय असेल तर. चार वर्षांची पदवी झालेल्यांनी अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट मागायला जाऊ नये, ते पहिल्या चार वर्षांपुरतंच आहे.

सांजवारा
अंकुर, मालकाच्या ५,२५० मधून कर्जाचे हप्तेही भरता येतात. मर्यादा दोन्हींना मिळून एकच आहे. विषय शिकायचा नसेल तर तेच पैसे थेट कर्जात घालायला सांगावेत, हप्ता ढकलण्यापेक्षा कर्ज कमी होणं केव्हाही बरं.

वाटसरू
सरकारी नोकरी किंवा बिननफा संस्थेत पूर्णवेळ काम करता करता शिकणाऱ्यांसाठी धोक्याची सूचना. पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेसला (अशा नोकरीतल्यांची कर्जमाफी) १२० पात्र हप्ते लागतात. डिफरमेंटचे महिने त्यात मोजले जात नाहीत. संध्याकाळी दोन विषय घेतले, कॉलेजने नोंद पाठवली, डिफरमेंट न मागता लागलं, आणि दोन वर्षांची नोकरी हिशेबातून गेली, असं होऊ शकतं.

उपाय सोपा आहे. डिफरमेंट नाकारता येतं. सर्व्हिसरला पोर्टलवरून लेखी कळवायचं की मला इन-स्कूल डिफरमेंट नको, कर्ज परतफेडीतच ठेवा. पुढच्या सत्राची नोंद गेली की ते पुन्हा लागू शकतं, म्हणून दर सत्राच्या सुरुवातीला खातं बघायचं. उत्पन्नाधारित योजनेत २० किंवा २५ वर्षांनी मिळणाऱ्या माफीलाही हे महिने धरत नाहीत.

आणि हाच मूळ प्रश्नाचाही खरा पर्याय आहे. उत्पन्न नसेल किंवा फार कमी असेल तर इन्कम-बेस्ड रिपेमेंट (आयबीआर) या उत्पन्नाधारित योजनेत हप्ता शून्य डॉलर निघू शकतो. तोही हप्ता भरल्यासारखा मोजला जातो, त्यासाठी फी लागत नाही, परीक्षा द्यावी लागत नाही. हप्ता झेपत नाही ही अडचण असेल तर तिचं औषध हे आहे. कॉलेज हे औषध नव्हे.

रानजाई
वाटसरू यांच्याशी सहमत, एक अपवाद नोंदवून. शून्य हप्त्याच्या योजनेत सब्सिडाइज्ड भागाचं व्याज सरकार कायम भरत नाही, आयबीआरमध्ये ती सवलत परतफेडीच्या पहिल्या तीन वर्षांपुरती. इन-स्कूल डिफरमेंटमध्ये मात्र नाव आहे तोवर भरतं. लांबच्या अभ्यासक्रमाला हा फरक पडतो.

कडूलिंब
आईवडिलांच्या नावावरच्या पॅरेंट प्लस कर्जाला हे लागू होतं का? आणि खासगी कर्जाला?

दीपमाळ
पॅरेंट प्लस: १ जुलै २००८ नंतर दिलेल्या कर्जांना, मुलगा किंवा मुलगी हाफ-टाइम शिकत असेपर्यंत आणि त्यानंतर ६ महिने, पालक डिफरमेंट मागू शकतात. मागावं लागतं, हे लक्षात ठेवा. व्याज पूर्ण चढतं, सब्सिडी नाही, आणि दर सगळ्यात जास्त: २०२५-२६ ला ८.९४ टक्के. वीस हजारांवर वर्षाला १,७८८ डॉलर. घरात दोन्ही प्रकारची कर्जं असतील तर मुलाचं थांबवून पालकांचं भरत राहावं.

खासगी: पूर्णपणे कराराप्रमाणे. बऱ्याच करारांत डिफरमेंटच्या एकूण महिन्यांना कमाल मर्यादा असते आणि पहिल्या पदवीचे महिने त्यातच मोजलेले असतात. फेडरल कर्ज रिफायनान्स करून खासगी केलं असेल तर या धाग्यातला एकही फेडरल हक्क उरत नाही. करारनाम्यात 'पुन्हा शिक्षण घेतल्यास' हा भाग शोधून वाचा, आणि सहकर्जदाराला आधी सांगा, कारण थकबाकी त्याच्याही नावावर दिसते.

मैलाचा दगड
अवांतर, पण इथल्या बऱ्याच वाचकांच्या कामाचं. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आलेल्यांना फेडरल कर्ज मिळत नाही, त्यांचं कर्ज भारतातल्या बँकेचं असतं. तिथे 'दुसरं मास्टर्स घेतलं की ईएमआय पुढे जाईल' हा समज चालत नाही. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत सवलतीचा काळ म्हणजे अभ्यासक्रमाचा कालावधी अधिक एक वर्ष, आणि तो मंजूर झालेल्या अभ्यासक्रमाला बांधलेला असतो. नवीन अभ्यासक्रमासाठी शाखेत रीतसर अर्ज करून वाढीव कर्ज किंवा मुदतवाढ मंजूर करून घ्यावी लागते. नवीन विद्यापीठाचं प्रवेशपत्र नुसतं ईमेल करून भागत नाही, आणि मंजुरी येईपर्यंत ईएमआय थकला तर सहकर्जदार आईवडिलांचा सिबिल खराब होतो.

भारतीय आयकरातली शैक्षणिक कर्जाची वजावटही (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०-ई) ध्यानात घ्या: जुन्या करप्रणालीत, फक्त व्याजावर, आणि ज्या वर्षी व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून एकूण ८ वर्षंच.

कडूलिंब
दीपमाळ, मैलाचा दगड, दोघांचे आभार. सवलतीच्या काळात भारतात व्याज साधं लागतं ना?

मैलाचा दगड
हो, आदर्श योजनेनुसार साधं. ते काळ संपल्यावर मुद्दलात जातं. मधल्या काळात भरत राहिलात तर काही बँका दरात १ टक्क्यापर्यंत सूटही देतात. मंजुरीपत्रात ती ओळ आहे का पाहा. इथेच थांबतो, धागा अमेरिकेतल्या कर्जाचा आहे.

हिशोबनीस
२०२५ च्या कायद्यामुळे काय बदललं ते लिहिणं आवश्यक आहे, कारण जालावरचे जुने सल्ले आता अर्धवट आहेत. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या त्या कायद्याने इन-स्कूल डिफरमेंट काढलेलं नाही. आजूबाजूचं मात्र बरंच बदललं.

१ जुलै २०२६ पासूनच्या नवीन कर्जांना परतफेडीचे दोनच मार्ग: रकमेनुसार १० ते २५ वर्षांची ठरावीक हप्त्यांची योजना, किंवा रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन. दुसऱ्यात हप्ता उत्पन्नाच्या १ ते १० टक्के, पण किमान १० डॉलर. शून्याचा हप्ता तिथे नाही. त्यामुळे नाव चालू ठेवताना 'मिळतंय तर घेऊया' म्हणून नवीन कर्ज उचललं, तर त्या कर्जाला जुन्या योजना मिळणार नाहीत. फी खिशातून भरणं हेच शहाणपणाचं.

अर्धवेळ शिकणाऱ्याला कर्जाची मर्यादाही आता त्याच प्रमाणात कमी केली जाते. सहा क्रेडिटवर वर्षाचं पूर्ण कर्ज उचलून त्यावर घरखर्च चालवायचा हा जुना प्रकार त्याने बंद होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं ग्रॅड प्लस कर्ज नवीन कर्जदारांना बंद. बेरोजगारी आणि आर्थिक अडचणीची डिफरमेंट्स १ जुलै २०२७ पासून दिलेल्या कर्जांना मिळणार नाहीत.

वाटसरू
शून्याबद्दल माझ्या वरच्या प्रतिसादात ही दुरुस्ती धरावी: जुन्या कर्जांपुरतं ते खरं.

ताळेबंद
घर घ्यायचा विचार असणाऱ्यांसाठी: डिफरमेंटमधलं कर्ज क्रेडिट रिपोर्टवर थकीत दिसत नाही, पण गृहकर्ज देणारा ते शून्य धरत नाही. फॅनी मेच्या (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी सरकारपुरस्कृत कंपनी) नियमात डिफरमेंटमधल्या कर्जाच्या शिल्लक रकमेचा १ टक्का किंवा प्रत्यक्ष निघणारा पूर्ण हप्ता धरतात, एफएचएमध्ये (सरकारी विम्याच्या गृहकर्जांत) अर्धा टक्का. २७,००० वर १ टक्का म्हणजे महिना २७० डॉलर, एफएचएमध्ये १३५. उत्पन्नाधारित योजनेतला शून्य हप्ता कागदावर दाखवता आला तर फॅनी मे तो शून्य म्हणून स्वीकारतं. हप्ता न भरणाऱ्या दोघांत इथे मोठा फरक पडतो.

पाणवठा
सर्वांचे मनापासून आभार. इतकं तपशीलवार लिहाल असं वाटलं नव्हतं. मूळ उदाहरणापुरतं मला जे समजलं ते असं: १९,००० सब्सिडाइज्ड आणि ८,००० अनसब्सिडाइज्ड असलेल्या विद्यार्थ्याला पुढच्या शिक्षणासाठी ते विषय हवेच असतील, तर फॉल सत्रालाच नाव घालावं, ७ किंवा ८ क्रेडिट घ्यावीत, नवीन कर्ज घेऊ नये. विषय नको असतील तर ग्रेस संपण्याआधी उत्पन्नाधारित योजनेचा अर्ज करावा.

दोन शंका राहिल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत नाव नसेल तर ग्रेस सुरू होतो का? आणि ते ४६८ डॉलर व्याज मध्येच भरता येतं का?

उंबरठा
नियमित सुट्टी मोडत नाही. स्प्रिंगला हाफ-टाइम होतात आणि फॉलला परत नाव आहे, तर मधला उन्हाळा कॉलेज सलग धरतं. मात्र फॉलला नाव घातलंच नाही, तर ग्रेस स्प्रिंगच्या शेवटापासून मोजला जातो, ऑगस्टपासून नाही. तोवर सहापैकी तीन महिने गेलेले असतात.

दीपमाळ
व्याज कधीही भरता येतं, आगाऊ भरल्याचा दंड नाही. महिन्याला ४० डॉलर टाकले की वर्षाचे ४६८ निघतात. पैसे भरताना सर्व्हिसरच्या पानावर कर्ज निवडायची सोय असते, तिथे फक्त अनसब्सिडाइज्ड कर्जं निवडा. न निवडता भरलं तर रक्कम सगळ्या कर्जांत वाटली जाऊ शकते आणि सब्सिडाइज्डच्या मुद्दलात जाते, ज्यावर तसंही सध्या व्याज लागत नाही. ज्यांचं कर्ज आधीच परतफेडीत गेलं होतं त्यांनी डिफरमेंट संपण्याच्या तारखेआधी दोन आठवडे साठलेलं व्याज पूर्ण भरून शिल्लक तपासावी. शेवटच्या दिवशी भरलं आणि नोंद दुसऱ्या दिवशी पडली, तर तेवढं व्याज मुद्दलात गेलेलं असतं.